मान राखायला वेळ नाही

ब्रिज समजावून सांगायला एक संध्याकाळ लागते. जपानी माणसाला क्रिकेट समजवायचं तर अख्खी आयपीएल पुरत नाही. मी करून पाहिलंय. जपानी गेम सेंटरांतला ‘बिशी बाशी’ हा खेळ मात्र कुणी कुणाला समजावून सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मशीनसमोर तिघांनी ओळीने उभं राहायचं. प्रत्येकापुढे लाल, हिरवं आणि निळं अशी तीन मोठाली बटणं, तळहाताने थापटावीत अशी. पडद्यावर एक वेडगळ चित्र येतं, खाली एखादी ओळ येते. ती वाचून होईपर्यंत शेजारच्याने बटणं बडवायला सुरुवात केलेली असते, म्हणून तुम्हीही बडवायला लागता. कशासाठी बडवतोय ते त्यानंतर कळतं. कोलाचा कॅन जीव खाऊन हलवायचा असतो. किंवा लग्नाच्या मेजवानीत नवरी पाहुण्यांच्या तोंडावर क्रीमचे केक भिरकावत असते आणि तिचे हात म्हणजे तुमचे हात. का भिरकावते, नवऱ्याकडच्यांनी काय केलं, हे विचारायची सोय नाही, कारण तोवर पुढचा खेळ लागलेला असतो.

ही कोनामी कंपनीची मालिका. पहिलं ‘बिशी बाशी चॅम्प’ १९९६ साली जपानमधल्या गेम सेंटरांत आलं. दोन वर्षांत ‘सुपर’ आलं, ‘हायपर’ आलं. मध्येच स्टिअरिंग फिरवून खेळायचं ‘हँडल चॅम्प’, मग पायाने खेळायचं ‘स्टेप चॅम्प’, २००२ मध्ये ‘ग्रेट’, २००९ मध्ये पुन्हा एक, आणि अगदी २०१८ मध्येही ‘बिशी बाशी चॅनेल’. जपानबाहेर ही मालिका फारशी गेली नाही. युरोपात थोडी पोचली, आशियात थोडी. त्यामुळे आपल्याकडे ‘मुस्तफा’ या व्हिडिओ गेमचं नाव घेतलं की तिशी-चाळिशीतले निम्मे पुरुष हळवे होतात, तसं बिशी बाशीचं नाव काढल्यावर कुणाचं काही होत नाही.

सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर एकेका मिनिटाचे खेळ असतात ना, बिशी बाशीची जात तीच. एका मेणबत्तीने ओळीतल्या सगळ्या पेटवा, स्ट्रॉने थर्माकोलचे गोळे उचला, डोळे बांधून नवऱ्याच्या कपाळावर टिकल्या लावा. त्या खेळांना नियम असे नसतातच. एक माईकवर ओरडणारा सूत्रसंचालक असतो, आणि सी विंगमधल्या एक काकू असतात ज्या दर वर्षी जिंकतात. बिशी बाशीत तो ओरडणारा माणूस मशीनच्या आत बसवलेला आहे. काकू आपल्याला आपल्या आणाव्या लागतात.

खेळांचे प्रकार पाहिले तर मोजकेच. एक नुसता बडवण्याचा. दुसरा रंगांचा: पडद्यावर जो क्रम दिसेल त्याच क्रमाने लाल, निळं, हिरवं दाबायचं. तिसरा क्षण पकडण्याचा, म्हणजे ऐन वेळी एकदाच दाबायचं, आधी नाही, नंतर नाही. चौथा पटकन ओळखण्याचा किंवा मोजण्याचा. एवढ्या चार भांड्यांत शेकडो पदार्थ शिजवलेत. काही सेकंदांत निकाल, जो मागे पडला त्याचा एक जीव गेला, पुढचा खेळ. जिंकलेल्याला मिरवायला सवड नाही, हरलेल्याला खट्टू व्हायला नाही.

ही जी सवड नाही, तिच्याबद्दल मला बोलायचंय. त्यासाठी आधी गोल्फकडे जावं लागेल.

जपानी कंपन्यांत ‘सेत्ताई’ नावाचा एक रिवाज आहे. गिऱ्हाइकाची, मोठ्या साहेबाची, ज्याच्याशी काम पडणार आहे त्याची खातिरदारी. त्यात जेवण आलं, दारू आली, आणि गेली कित्येक दशकं गोल्फ आला. सेत्ताईचा गोल्फ हा जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. तो हरण्यासाठी खेळतात, पण ढळढळीत हरून चालत नाही. पाहुण्याला वाटलं पाहिजे की आज समोरचा चांगला खेळला, पण आपण जरा जास्त चांगले खेळलो. एक-दोन फटक्यांनी मागे राहायचं, शेवटच्या होलपर्यंत चुरस टिकवायची, पाहुण्याचा चेंडू झाडीत गेला तर वाऱ्याला दोष द्यायचा. माजोंग खेळतानाही हेच. हातात पूर्ण झालेला डाव असताना तो मोडायचा आणि समोरच्याला हवी असलेली सोंगटी, लक्षात न आल्यासारखी, टाकायची. जपानमध्ये मी नोकरीला होते त्या ऑफिसातले एक निवृत्तीला आलेले गृहस्थ सांगायचे की जिंकायला कुणीही शिकतं, नीट हरायला दहा वर्षं लागतात. बढाई असेल, पण त्या बढाईतून त्या जगाची रीत कळते.

याच्या जोडीला ‘बुरेइको’. ऑफिसच्या नोमिकाईत, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला-खायला जमायच्या कार्यक्रमात, साहेब पहिला ग्लास उचलून जाहीर करतात की आज बुरेइको, आज लहानमोठं कुणी नाही, मोकळेपणाने बोला. मी पुण्याहून नवी आले होते तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला आधीच सावध केलं होतं. हे ऐकायचं, हसून मान डोलवायची, आणि साहेबांचा ग्लास रिकामा होण्याआधी भरायचा. बुरेइको खरी मानून जो मोकळेपणाने बोलतो, त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी कुणी काढत नाही, पण विसरतही नाही. मला यात परकं काही वाटलं नाही. ‘घरचंच समजा’ म्हणणाऱ्या घरात आपण फ्रिज उघडत नाहीच.

तर अशा माणसांबरोबर मी कंपनीच्या सहलीला किनुगावाला गेले. शाइन र्‍योको, ऑफिसची वार्षिक सहल, हा प्रकार आता बऱ्याच कंपन्यांनी बंद केलाय. तरुणांना नको असतो आणि खर्चही होतो. आमच्याकडे तो अजून होता. किनुगावा तोचिगी प्रांतात, टोकियोतल्या आसाकुसाहून तोबू रेल्वेच्या एक्स्प्रेसने दोनेक तासांवर. नदीच्या घळीला चिकटून गरम पाण्याच्या झऱ्यांची मोठमोठी हॉटेलं आहेत. भरभराटीच्या काळात, अशा ऑफिस-सहलींच्या जिवावरच ती वाढली. पुढे अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, सहली आटल्या, आणि त्यातली काही हॉटेलं आज तशीच बंद, फुटक्या काचांनी नदीकडे पाहत उभी आहेत. पाडायलाही पैसा लागतो.

आमचं हॉटेल चालू होतं. संध्याकाळी आंघोळी उरकून सगळे एकाच छापाच्या युकातामध्ये, म्हणजे पुढून गुंडाळायच्या सुती झग्यामध्ये. माझी मी चुकीच्या बाजूने गुंडाळायला निघाले होते. सफाईवाल्या आजींनी हात धरून थांबवलं. डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेतात ती अखेरच्या प्रवासाला निघालेल्यांची. जेवण झालं, भाषणं झाली, बुरेइको जाहीर झाली, आणि बुरेइकोच्या धास्तीने सगळे अंग चोरून बसले. मग कुणीतरी म्हणालं, खाली गेम कॉर्नर आहे.

अशा हॉटेलांच्या तळघरात एक गेम कॉर्नर हमखास असतो. पिंगपाँगची दोन टेबलं, सिगरेटचा वास मुरलेला गालिचा, खेळण्यांनी भरलेली क्रेन, एखादं मोटार-शर्यतीचं मशीन, आणि शहरातल्या गेम सेंटरांनी काढून टाकलेली, इथे निवृत्तीला आल्यासारखी राहिलेली दोन-चार जुनी मशीनं. त्यात एक बिशी बाशी. मधल्या खेळाडूचं हिरवं बटण हात लागून लागून पांढुरकं झालेलं.

काचो, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, पन्नाशीतले, अत्यंत मितभाषी. ते एका कडेला उभे राहिले. दुसऱ्या कडेला त्या वर्षी लागलेला एक पोरगा. मधली जागा रिकामी होती म्हणून मला ढकललं. काचोंनीच शंभर-शंभर येनची नाणी टाकली. पोरग्याने कमरेत वाकून आभार मानले, मीही मानले.

पहिल्या खेळात तो पोरगा बटणं अशी दाबत होता जशी एखाद्या बाळाची पाठ थोपटावी. सेत्ताई चालू होती. काचो जिंकले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा खेळ रंगांचा होता. त्यात त्याची पंचाईत झाली, कारण मुद्दाम हरायचं तर काचो कुठवर आलेत ते बघायला पाहिजे, आणि ते बघायला मान वळवली की आपलाच क्रम चुकतो. तो चुकला, त्याचा जीव गेला, मशीनने त्याची यथास्थित खिल्ली उडवली आणि मागे उभे असलेले हसले. तिसऱ्या खेळात तो बाह्या सारून उभा राहिला. युकाताच्या बाह्या सारल्या तरी खाली येतात, म्हणून खांद्यापर्यंत. चौथ्या खेळापर्यंत मी कुठे आहे, माझ्या डाव्या हाताला कोण आहे, त्याच्या सहीशिवाय माझी रजा मंजूर होत नाही, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. मी दोन्ही हातांनी बडवत होते आणि मराठीत ओरडत होते. काय ओरडत होते ते इथे लिहीत नाही. काचोंचा चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर करायला त्यांना हात मोकळा नव्हता. आणि तो पोरगा, ज्याने सहा महिन्यांत काचोंसमोर एकही वाक्य आदरार्थी शेपूट लावल्याशिवाय संपवलं नव्हतं, तो क्षण पकडण्याच्या एका खेळात बेंबीच्या देठापासून ओरडला. मराठीत सांगायचं तर, “अरे, आधीच काय दाबतोस!” असं. काचोंना.

कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. काचोंच्या तर नाहीच. ते पुढच्या खेळात होते.

सकाळी न्याहारीला तो त्यांच्यासमोर वाकला, नेहमीइतकाच. काचोंनी मान हलवली, नेहमीइतकीच. रात्रीचा विषय निघाला नाही. तो टाळला असंही म्हणता येणार नाही, कारण टाळायला आठवण राहावी लागते, आणि बिशी बाशीत आठवण राहण्यासारखं फार कमी असतं. कोण किती गुणांनी जिंकलं हे आज मला विचाराल तर सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझं असं मत झालंय की मुद्दाम हरायला सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. गोल्फच्या डावाला चार-पाच तास लागतात, माजोंगला रात्र. त्यात माणूस समोरच्याचा चेहरा वाचू शकतो, हिशेब करू शकतो, आपली पायरी ओळखून तिथेच थांबू शकतो. बुरेइकोच्या संध्याकाळीही घड्याळात भरपूर वेळ असतो, म्हणूनच ती खोटी पडते. बिशी बाशी तो वेळच काढून घेतं. तुम्ही साहेब आहात हे मला माहीत असतं, फक्त ती माहिती हातांपर्यंत पोचायच्या आत खेळ संपलेला असतो. कोनामीच्या लोकांनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. त्यांना नाणी हवी होती. लवकर संपणारा खेळ नाणी लवकर खातो.

पण बडवण्याचा प्रश्न कोनामीच्या घरातला जुना होता, हे खरं. ही कंपनी १९६९ साली ओसाकाजवळ कोझुकी कागेमासा यांनी सुरू केली ती ज्यूकबॉक्स भाड्याने द्यायला आणि दुरुस्त करायला. नाणं टाकणारी माणसं यंत्राला किती प्रेमाने आणि किती रागाने हाताळतात हे दुरुस्ती करणाऱ्याइतकं कुणाला कळणार! १९८३ मध्ये त्यांनी ‘हायपर ऑलिंपिक’ काढला, जो बाहेरच्या देशांत ‘ट्रॅक अँड फील्ड’ म्हणून गाजला. त्यात धावायला दोन बटणं होती. जितकी भराभर दाबाल तितका पडद्यावरचा धावपटू जोरात पळणार. झालं! जपानी शाळकरी पोरांनी थोड्याच दिवसांत कंपासपेटीतली पट्टी आणली. पट्टीचं एक टोक हाताने घट्ट धरायचं, दुसरं बटणावर ठेवून टणकन् उडवायचं, की ती थरथरते आणि माणसाच्या बोटाच्या कैकपट वेगाने बटण दाबलं जातं. बटणांची वाट लागली. त्याच काळात हडसन या गेम बनवणाऱ्या कंपनीचे ताकाहाशी, ज्यांना पोरं ‘ताकाहाशी मेइजिन’ म्हणायची, सेकंदात सोळा वेळा बटण दाबतात म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. मेइजिन ही पदवी जपानमध्ये गो आणि शोगी या पटावरच्या खेळांतल्या श्रेष्ठींना देतात. बटण दाबणं ही विद्या झाली, तिचे पंडित झाले, आणि पंडित झाले की बाकीचे आपोआप प्रेक्षक होतात.

पुढे १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ हा मारामारीचा गेम आला. गेम सेंटरवाल्यांनी दोन मशीनं पाठीला पाठ लावून मांडायला सुरुवात केली. तुम्ही अलीकडे बसायचं, प्रतिस्पर्धी पलीकडे. त्याचा चेहरा दिसत नाही. हरलात की उठायचं, मागे रांगेत उभा असलेला बसणार. जिंकणारा तसाच बसून राहणार. मी त्या खेळांची थोरवी नाकारत नाही. तिथे लोक वर्षानुवर्षं खपून जे कमावतात ते पाहताना माझेही डोळे विस्फारतात. पण सातशे वेळा हरण्याची तयारी असल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नये, असा तो मामला आहे. खेळ माहीत नसलेल्या माणसाने तिथे नाणं टाकणं म्हणजे पैसे देऊन मार खाणं.

बिशी बाशीने हे सगळं उलटं फिरवलं. पाठीला पाठ लावून बसवण्याऐवजी खांद्याला खांदा लावून उभं केलं. बटण इतकं मोठं केलं की त्यावर पट्टीची मात्रा चालणं कठीण. आणि बडवण्याची विद्या कुणी कमावू लागलाच, तर पुढचा खेळ बडवण्याचा नसतोच, तिथे एकदाच आणि अचूक दाबायचं असतं, आणि बडवणारा हमखास फसतो. सराव असलेल्याला फायदा होत नाही असं नाही. किनुगावाला आमच्यातला एक जण नंतर उतरला, त्याला बरेच खेळ पाठ होते आणि त्याने सगळ्यांना धुतलं. पण त्याच्याकडून हरतानाही प्रत्येकाला एखाद-दुसरा खेळ जिंकता आला. पाठीला पाठ लावलेल्या मशीनवर तो मिळाला नसता.

आता यातला विनोद. ज्यांनी पोगोवर जावेद जाफरीच्या आवाजात ‘ताकेशीज् कॅसल’ पाहिलंय, त्यांना हा विनोद ओळखीचा वाटेल. तो कार्यक्रम मूळ जपानमध्ये १९८६ ते १९९० या काळातला, आपल्याकडे तो बऱ्याच उशिरा आणि हिंदीतून पोचला. साधी नोकरदार माणसं, गृहिणी, विद्यार्थी हेल्मेट घालून चिखलात पडायला रांगा लावून यायची. बिशी बाशीची माणसं त्याच कुळातली. त्यात शूरवीर नाहीत, तलवारी नाहीत. असले तर टाय लावलेले काका, केसांचा डोंगर वाढवलेले नाचरे, चवताळलेली नवरी. नेहमीचंच जग, पण कुणीतरी त्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला.

आणि हे जग कुठल्या वर्षांत हसत होतं तेही बघण्यासारखं आहे. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये यामाइची सिक्युरिटीज् ही शंभर वर्षांची शेअर दलालीची कंपनी बुडाली. तिचे अध्यक्ष पत्रकार परिषदेत उभे राहून रडले आणि म्हणाले, चूक आमची आहे, कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. तो प्रसंग आजही जपानी टीव्हीवर त्या दशकाची खूण म्हणून दाखवतात. एकदा चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत चिकटलेला, हा करार तेव्हा तुटत होता. त्यानंतर काही वर्षांतच कोनामीने या मालिकेत ‘सॅलरी मॅन चॅम्प’ काढला. नायक कोण, तर सूट-टायवाला नोकरदार. त्याची रोजची धावपळ हेच खेळ. मला त्यात फार खोल भाष्य शोधायचं नाही. असले खेळ बनवणारी माणसं स्वतःच रात्रीची शेवटची गाडी पकडणारे नोकरदार असतात आणि स्वतःवर हसण्याइतकं सोपं सामान दुसरं नसतं. पण ज्या माणसाची दिवसभर ऑफिसात गोची व्हायची, तो संध्याकाळी शंभर येन टाकून त्याच गोचीवर तळहात आपटत होता, एवढं मात्र खरं.

शंभर येन. या नाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गेम सेंटरं मेली ती निम्मी याच्यापायी. जपानमध्ये १९८९ साली उपभोग कर आला, तीन टक्के. मग १९९७ मध्ये पाच, २०१४ मध्ये आठ, २०१९ मध्ये दहा. दुकानदाराने दर वेळी किंमत थोडी वाढवली आणि कर गिऱ्हाइकाकडून घेतला. गेम सेंटरवाला काय करणार? मशीनच्या फटीत एकच नाणं बसतं. एकशे तीन येनचं नाणं नसतं, एकशे दहाचंही नसतं. वाढवायचं तर एकदम दोनशे करायला हवेत, आणि दोनशेला कुणी खेळणार नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं शंभरच घेत राहिले आणि कर स्वतःच्या खिशातून भरत राहिले. त्यात जागेची भाडी, वीज, घराघरांत आलेले प्लेस्टेशन, मग खिशातला फोन. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानमध्ये वीस हजारांहून खूप जास्त गेम सेंटरं होती. २०१९ च्या सुमारास ती चार हजारांच्या आसपास उरली. २०२० च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या आकिहाबारा भागातली, सेगा या गेम कंपनीच्या सेंटरची एक प्रसिद्ध इमारत बंद झाली. त्याच वर्षाच्या शेवटी सेगाने गेम सेंटरांचा धंदाच दुसऱ्या कंपनीला विकला, आणि कालांतराने त्या लाल पाट्यांवरून सेगाचं नाव गेलं. जी सेंटरं तगली त्यांत आत शिरताच क्रेनच्या रांगा दिसतात, लोंबणाऱ्या बाहुल्या, आणि एकेकटी माणसं काचेला नाक लावून उभी. क्रेनचा खेळ एकट्याने खेळायचा. माझं त्याच्याशी वाकडं नाही, माझ्या घरातही त्यातून निघालेला एक ढब्बू पेंग्विन आहे. पण क्रेनपाशी कुणी कुणाला “अरे, आधीच काय दाबतोस” म्हणत नाही.

मी परत येताना आकिहाबारातल्या जुन्या खेळांच्या एका दुकानातून राखाडी रंगाचा पहिला प्लेस्टेशन आणि ‘बिशी बाशी स्पेशल’ची तबकडी घेतली. जपानी तबकडी आपल्याकडच्या मशीनवर चालत नाही, म्हणून मशीनही जपानीच हवं, आणि जपानी मशीन शंभर व्होल्टवर चालतं, म्हणून पुण्यात एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही हवा. तो बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून भावाने आणला. विटेएवढा जड. दिवाळीत सगळे जमले तेव्हा टीव्हीला जोडलं.

आणि काहीतरी बिनसलं. खेळ तोच, नवरी तीच, केक तेच. पण तळहाताएवढ्या बटणांच्या जागी कंट्रोलरवरची नखाएवढी बटणं आली होती. माझा भाचा तेरा वर्षांचा, कंट्रोलर हातात घेऊनच जन्मलेला. त्याचा अंगठा पाहूनही दिसत नव्हता. बाबांनी कंट्रोलर हातात धरला तो ताटातल्या गरम पुरणपोळीसारखा, दोन्ही हातांच्या टोकांनी, आणि प्रत्येक वेळी दाबण्याआधी चष्म्यातून खाली बघायचे. तोवर खेळ संपलेला. वहिनी त्यातल्या त्यात बरी. आईने सुरुवातीलाच पदर खोचून सांगितलं की मला पणत्या लावायच्यात.

माझी सगळी उपपत्ती तिथेच डळमळली. मला वाटत होतं की करामत वेळेची आहे. पण ती निम्मी बटणाची होती. मोठ्या बटणावर साठ वर्षांचा हात आणि तेरा वर्षांचा हात जवळजवळ सारखेच. टेबलावर थाप मारणं कुणाला शिकावं लागत नाही. छोट्या बटणावर मात्र एक जण घरचा आणि दुसरा पाहुणा. आणि गंमत अशी की भाचा इतका पुढे होता की त्याच्याकडे वेळ उरायला लागला. उरलेल्या वेळात तो आजोबांकडे तिरक्या नजरेने बघायचा. मग तो हळू झाला. रंगांच्या एका खेळात तर त्याने चक्क हात थांबवला आणि आजोबांचं शेवटचं बटण दाबून होण्याची वाट पाहिली. नीट हरायला दहा वर्षं लागतात म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात सांगितलं की आमच्याकडे अर्ध्या तासात तयार झाला.

बाबा जिंकले. त्यांनी चष्मा काढला.

“मुद्दाम हरतोस काय रे?”

“नाही हो आजोबा.”

“मी चाळीस वर्षं शाळेत काढलीत. मुद्दाम चुकलेलं गणित मला कळतं.”

भाचा लाजून हसला. बाबांनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला, मग उठून तो समोरच्या टीपॉयवर ठेवला, खाली दिवाळी अंकांचा गठ्ठा सरकवला म्हणजे उंची बरोबर होईल, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पुढचा खेळ कोलाच्या कॅनचा लागला. बाबांनी दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट जुळवलं आणि टाइपरायटरवर बसावं तसे तुटून पडले. गठ्ठ्यातला वरचा अंक घसरला, कंट्रोलर घसरला, त्यांनी तो कोपराने अडवला आणि बडवत राहिले. भाच्याने आता अंगठ्याचा वेग वाढवला होता, पण उशीर झाला होता.

“आजोबा, असं नाही चालत! हातात धरून खेळायचं असतं!”

“कुठे लिहिलंय?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तबकडीबरोबर आलेली पुस्तिका माझ्या मांडीवर होती आणि ती वाचता येणारी घरात मी एकटीच होते. मी ती बंद केली आणि पुढचा खेळ लावला. आतून आई विचारत होती की एवढा कसला आवाज येतोय, आणि अजून एक कंट्रोलर आहे का.